डावा ताईचा, उजवा तंद्रीचा

तिचं खरं नाव दातांच्या डॉक्टरांच्या फायलीत आणि मतदारयादीत होतं, बाकी कुठेच नव्हतं. सगळ्या जगाला ती तंद्री होती. सहा वर्षांची असताना एकदा तोंडात ब्रश धरून, बेसिनमधला फेस गोल गोल फिरत जाळीत कसा उतरतो हे पाहत ती उभी राहिली, आणि शाळेची बस निघून गेली. तेव्हा थोरल्या बहिणीने तिला हे नाव दिलं. थोरलीने दिलेलं नाव जन्मभर चिकटतं, हे ज्यांना थोरली बहीण आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि लोकरीच्या वस्तूंची डिझाइनं करत होती. हातमोजे, टोप्या, मफलर, कानपट्ट्या, खांद्यावर टाकायच्या लहान शाली. सगळं हाताने विणलेलं आणि सगळं जनावराच्या मूळ रंगात. रंगवलेल्या लोकरीला ती बोटही लावत नसे. मेंढीने दिलेला दुधी, सायीचा, राखी, बदामी आणि काळा, एवढ्या पाच रंगांत तिचं भागायचं. कुणी गुलाबी मागितला तर ती त्या माणसाकडे असं काही कौतुकाने बघायची, की तो ओशाळून राखी घेऊन जायचा.

डिझाइन कागदावर काढायची तिला सवय नव्हती. दोघी बहिणींचं घर आणि काम एकाच जागी, एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. खालच्या इस्त्रीच्या यंत्राची वाफ त्यांच्या खिडकीवरून वर जायची. दुपारी जेवण झालं की तंद्री खिडकीशी बुटक्या खुर्चीवर बसे, डोळे अर्धे मिटून. ती झोप नव्हे आणि जागही नव्हे. वाफेचा एक पदर दुसऱ्यावरून सरकायचा, काचेवर थबकायचा, विरायचा, आणि मांडीवर तिची बोटं हलायला लागायची. दोन सुलट, एक उलट, एक टाका खाली सोडून दोन पुढे. तासाभराने ती उठायची ती अख्खा मफलर डोक्यात घेऊनच. हे कुठून येतं असं विचारलं तर म्हणायची, दिसतं. त्यावर ताईचं ठरलेलं उत्तर होतं, की हिला नुसतं दिसतं आणि ते जगाला दिसावं म्हणून मला राबावं लागतं.

ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तंद्री नऊ वर्षांची होती आणि ताई वीस, त्यामुळे ताईने तिला वाढवलं, म्हणजे मुख्यतः जागं केलं. शाळेसाठी जागं केलं, परीक्षेत जागं केलं, रस्ता ओलांडताना कोपराने ढोसून जागं केलं. पुढे ताईचं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि एका दुपारी ती एक सूटकेस घेऊन या दुसऱ्या मजल्यावर आली आणि आल्या आल्या पडदे धुवायला टाकले. तंद्रीचं लग्न मात्र झालंच नाही. एकदोघांनी विचारलं होतं. विचार करून सांगते असं ती त्यांना म्हणाली आणि खरोखरच विचार करत बसली.

या दोघींची एक रीत होती. हातमोज्यांच्या जोडीतला डावा ताईने विणायचा आणि उजवा तंद्रीने. आईने शिकवायला घेतलं तेव्हा घरात सुयांचे दोनच संच होते आणि मुलीही दोन. एकीने डावा घ्या, दुसरीने उजवा, म्हणजे जोडी एका बैठकीत उतरेल आणि माझ्या डोक्याला ताप होणार नाही, असं आई म्हणाली होती. तीच वहिवाट पडली. समोरासमोर बसायचं, सारखेच टाके घालायचे, आणि अंगठा आला की ताईने तो एका अंगाला काढायचा, तंद्रीने दुसऱ्या. मधल्या वर्षांत ताईचे डावे मोजे टपालाने यायचे, पण रीत मोडली नाही.

आता विणकाम न करणाऱ्यांना हे पटत नाही, पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो. सुई तीच, लोकर तीच, टाके तेवढेच, तरी एकीचा मोजा घट्ट उतरतो आणि दुसरीचा सैल. सख्ख्या बहिणींचेही हात जुळत नाहीत. या दोघींचे जुळले होते. पट्टीखाली जितके कमी टाके, तितका मोजा सैल; दहा सेंटिमीटरच्या पट्टीखाली ताईचे बावीस टाके यायचे आणि तंद्रीचेही बावीसच. त्यांचा माल विकणारी दुकानवाली बाई गिऱ्हाइकांना जोडी दाखवून विचारायची, ओळखा कुठला कुणी विणला. कुणालाच ओळखता आलं नव्हतं.

याच दुकानवालीने एकदा सांगितलं, की गावाबाहेर एका माणसाने पाच अल्पाका पाळलेत, त्यांची लोकर लोण्यासारखी मऊ आहे म्हणतात, जाऊन तर बघा. दोघी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि पुढे पायी. कुंपणाच्या आत पाच लांब माना त्यांच्याकडे वळल्या. उंटाच्या नात्यातला प्राणी, पण उंटाचा तोरा नाही. टपोरे डोळे, आणि आत्ताच काहीतरी विसरल्यासारखा चेहरा. ताई म्हणाली, ही तर तुझीच भावंडं.

माणूस उंच, पंचावन्नच्या आसपासचा, बोलायला कमी. तीस वर्षं बस डेपोत फिटर होता. मामेभाऊ देश सोडून जाताना हे पाच जीव त्याच्या गळ्यात मारून गेला, आणि यंत्रांना सरावलेल्या माणसाने पुस्तकं आणून लोकर कातरायला शिकून घेतलं, सायकलच्या चाकाचा चरखा बनवला आणि सूत काढलं. ताईने त्याचं नाव तिथल्या तिथे उंटवाले करून टाकलं.

राखी रंगाची एक मादी कुंपणाशी आली. तंद्रीने तिच्या मानेवर हात ठेवला आणि हात आत गेला. मनगटापर्यंत गेला. आत ऊब होती, आणि त्या उबेला तळ नव्हता. तिला दिसू लागलं: सायीच्या रंगावर राखी लाट, अंगठ्यापासून निघून करंगळीकडे पसरत विरणारी, काचेवर टाकलेल्या श्वासासारखी. ताईने तीनदा हाक मारली. चौथी मारणार तोच उंटवाले हळूच म्हणाले, "राहू द्या. तिलाही आवडतंय." आणि तंद्रीचं बघून होईपर्यंत त्यांनी मादीला नुसतं धरून ठेवलं.

त्या डिझाइनच्या बारा जोड्या महिन्याभरात तयार झाल्या, दुकानात गेल्या, आणि आठवड्याने अकरा परत आल्या. बाराव्या जोडीच्या गिऱ्हाइकाचे हातच लहानमोठे होते की काय देव जाणे. सोबत चिठ्ठी होती. डाव्यापेक्षा उजवा मोठा आहे, गिऱ्हाईक म्हणतं एक मोजा बायकोचा नि एक नवऱ्याचा वाटतो. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ताईने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि चहा टाकायला गेली.

तंद्रीने एका क्षणात सुताला दोषी ठरवलं. त्यात तथ्यही होतं. मेंढीची लोकर ताणली तर परत जागेवर येते. अल्पाकाची ताणली की तशीच राहते, तिला आपल्या जागेची आठवण नसते. शिवाय हे हाताने काढलेलं सूत, एक लडी जाड तर दुसरी बारीक असणारच. आपल्या वाट्याला जाड लड्या आल्या असणार. ती ताडकन उठली, कोट घातला आणि तक्रार करायला शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तंद्री एकटी कुठे निघाली आणि वाटेत न हरवता पोचली, असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा घडलं.

उंटवाल्यांनी तक्रार पूर्ण ऐकली. मग डेपोतलं जाडी मोजायचं जुनं अवजार काढून त्यांनी सूत दहा ठिकाणी मोजलं. सगळीकडे सारखं भरलं. पण ते वाद घालायच्या फंदात पडले नाहीत. पुन्हा काततो म्हणाले, थांबायचं तर थांबा. ती स्टुलावर बसली. सायकलचं चाक घूं घूं करत फिरू लागलं, दारातून ऊन आत आलं, त्यात लोकरीचे बारीक तंतू तरंगत होते, आणि बाहेर पाच तोंडं गवत चावत होती. तंद्री लागायला आणखी काय हवं? ती भानावर आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि चाक अगदी सावकाश, आवाज न करता फिरत होतं. आजवर प्रत्येकाने तिला हलवून उठवलं होतं. या माणसाने चाक हळू केलं होतं.

नव्या लड्यांनी सहा जोड्या विणल्या. फरक वाढला. ती पुन्हा तक्रार घेऊन गेली. त्यांनी पुन्हा कातलं. मग तिने अल्पाकाच्या जोडीला मेंढीच्या लोकरीचा एक पदर घातला, म्हणजे कुणाला तरी जागेची आठवण राहील. तरी उजवा मोठाच. मनगटाची पट्टी बदलली, नमुने धुतले, वाळवले, दोरीवर चिमट्याने टांगून दोन दोन दिवस पाहिले. दर गुरुवारी ती तणतणत निघायची आणि संध्याकाळी गुणगुणत परतायची. तुम्हाआम्हाला एव्हाना कळलंय. पण जिचं नावच तंद्री, तिला कसं कळावं?

ताई काही बोलत नव्हती. आपला डावा विणायची, तंद्रीच्या उजव्यावर ठेवून बघायची आणि दोन्ही टोपलीत टाकायची. सुताबद्दल विचारलं तर म्हणायची, असेल बाई, मला त्या उंटांचं काय कळतंय.

तेराव्या गुरुवारी उंटवाल्यांनी तिला घराची मागची खोली दाखवली. भिंत फोडून त्यांनी नवीन खिडकी बसवली होती, चांगली रुंद. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. खिडकीबाहेर गवताची उतरण होती आणि तिच्यावरून धुकं खाली सरकत होतं. ते बराच वेळ खिडकीची कडी वरखाली करत राहिले. मग म्हणाले, "उजेड चांगला येतो. विणायला बरा पडेल. खोली रिकामीच आहे... आणि मीही तसा."

तिने उत्तर दिलं नाही. पण विचार करून सांगते, असंही म्हणाली नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि दोन थांबे पुढे गेली, तिथून चालत घरी आली. ताईला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सत्तेचाळिसाव्या वर्षी? आणि जिने एक सूटकेस घेऊन येऊन या घराचे पडदे धुतले, तिला याच घरात एकटी ठेवून जायचं?

दुसऱ्या दिवशी ताई दातांच्या डॉक्टरांकडे गेली होती. तंद्री एकटीच बसून उजवा विणत होती, आणि तो पूर्ण झाल्यावर तिने हातात घातला तर तो अक्षरशः गळून पडला. तिने पट्टी काढली. आधी ताईचा डावा मोजला. बावीस. ताईचा हात कधी हललाच नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातले डावे मोजेसुद्धा टपालाने आले होते आणि त्यातही बावीसच होते. मग तिने आपला उजवा पट्टीखाली धरला. एकोणीस.

तिने पुन्हा मोजले. एकोणीस. टोपलीतले मागचे मोजे ओढून काढले: एकवीस, एकवीस, वीस, वीस, एकोणीस. सूत निर्दोष होतं. जनावरं निर्दोष होती. तीन महिने त्या बिचाऱ्या माणसाकडून तिने विनाकारण चार चारदा सूत कातून घेतलं होतं. बदलला होता तो तिचा हात, आणि हात का बदलतो हे आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मनावर ओझं असलं की टाका आवळला जातो आणि मन सुखात असलं की सैल पडतो. खिडकीवरून वाफ चढत होती. तंद्री त्या एकोणीस टाक्यांकडे बघत बसली, आणि आपण सुखात आहोत हे तिला पट्टीवरून कळलं. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, कारण हेच मोजे ताईही रोज हातात घेत होती.

मग तिने ते केलं जे फक्त विणणारीच करेल. रोजच्या सुया बाजूला ठेवल्या आणि दोन नंबर बारीक सुया घेतल्या. हात सैल तर सुई बारीक, म्हणजे मोजा मापात. पुढचा उजवा तिने असा विणला, दात आवळून, बोटं दुखेपर्यंत, ताईच्या पाठीमागे, चोरी केल्यासारखा. बरोबर बावीस. तिने तो गुपचूप टोपलीत डाव्याशेजारी ठेवला. आपल्या मनातलं तिने बंद करून ठेवलं, म्हणजे कुणी एकटं पडणार नाही आणि रीत मोडणार नाही, असं तिचं ठरलं.

ताईने तो मोजा उचलला. डाव्यावर ठेवला. माप तंतोतंत होतं. तिने तो मुठीत दाबला आणि सोडला, पण तो फुलला नाही, पुठ्ठ्यासारखा तसाच राहिला. ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुई बदललीस," ती म्हणाली.

तंद्रीने बारीक सुया टेबलावर ठेवल्या.

"पहिलं पार्सल परत आलं त्याच संध्याकाळी मी मोजले होते. माझे बावीस. तुझे एकवीस."

"मग बोलली का नाहीस? मी तिथे जाऊन जाऊन त्यांच्याशी भांडत होते."

"म्हणूनच नाही बोलले. बोलले असते तर तुझा हात पुन्हा घट्ट झाला असता." ताईने टोपलीतून आधीचा एक उजवा काढला. "अडतीस वर्षं तुझे बावीस बघत आले मी. मला वाटायचं आपला हात सारखा आहे. सारखा कसला? मी आवळून विणते म्हणून तूही आवळून विणत होतीस. तुझा हात हा आहे, एकोणीसवाला. केवढा मऊ मोजा होतो त्याचा."

मग तिने विचारलं, तो काय म्हणाला. तंद्रीने खिडकीचं सांगितलं. ताईने विचारलं, खिडकी कुठल्या दिशेला आहे. उत्तरेला, तंद्री म्हणाली. ताई म्हणाली, म्हणजे दिवसभर सारखा उजेड, दिशा बरोबर धरलीय, उंटवाल्याला अक्कल आहे. आणि बारीक सुया तिने उचलल्या, डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. "आजपासून आपापली जोडी आपली आपण विणायची. तू डावा शिक. मी उजवा शिकते."

ऐकायला सोपं होतं. पण सत्तेचाळीस वर्षांच्या या बाईने, जिच्या डिझाइनचे मोजे लोक दुरून येऊन नेत, जन्मात डावा मोजा विणला नव्हता. अंगठ्यापर्यंत सगळं सुरळीत जायचं, आणि मग बोटं सवयीने त्याच अंगाला वळायची. पहिल्या दिवशी उजवा झाला. ताईने उसवायला लावला. दुसऱ्या दिवशी तंद्रीने डोळे मिटून अंगठा नीट पाहून घेतला, विणला, आणि तोही उजवाच निघाला. पलीकडे ताईचीही तीच गत. तिने वाघाच्या आविर्भावात सुरुवात केली आणि दुपारपर्यंत दोन डावे तयार करून बसली. चार मोजे टेबलावर मांडले तेव्हा दोघी इतक्या हसल्या, की खालून ड्रायक्लीनरने काय झालं म्हणून विचारलं.

पाचव्या दिवशी तंद्रीचा डावा जमला. ताई मागे उभी होती. खांद्यावरून हात पुढे घालून तिने तंद्रीची बोटं धरली, लहानपणी अक्षर गिरवताना धरायची तशी, आणि सूत दुसऱ्या अंगाला वळवून दिलं. अंगठा हळूहळू बाहेर आला, डाव्या हाताचा, उजवीकडे. दोन्ही मोजे एकमेकांवर ठेवले तर एकोणीस आणि एकोणीस. गुबगुबीत, ढगासारखी जोडी. राखी लाट दोन्ही हातांवर सारखी पसरली होती, आणि टाके सैल असल्यामुळे ती कुठे संपते हे खरोखरच कळत नव्हतं. कुंपणाशी तिला दिसलं होतं ते हेच होतं.

दुकानवालीला कळवलं, की यापुढे दोन मापं मिळतील, ताईंचं लहान आणि तंद्रीचं मोठं. ती खूश झाली. म्हणाली, हे आधीच का नाही सुचलं तुम्हाला?

तंद्री उंटवाल्यांकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी सकाळी ताईचा पहिला उजवा पूर्ण झाला. ताई आत तिची बॅग भरत होती, कारण तंद्रीने स्वतः भरली असती तर त्यात नुसती लोकर निघाली असती. तंद्रीने तो मोजा हातात घातला. मनगटाशी तो नेहमीचा होता. अंगठ्याच्या वर जरा आवळ वाटला. बोटांकडे तर तो इतका अरुंद होत गेला होता, की तिची बोटं आत जाईनात. तिने पट्टी घेतली. मनगटाशी बावीस. तळहातावर तेवीस. बोटांपाशी पंचवीस.

ताईचा हात आई गेल्यावर असा आवळला नव्हता, नवरा गेल्यावरही नाही. तंद्रीला काही दिसेनासं झालं. खिडकी, वाफ, समोरची ताईची खुर्ची, सगळं पाण्यात बुडालं. ताईने तेरा आठवडे तोंड मिटून ठेवलं होतं, तसं आपणही ठेवावं असं तिला एकदा वाटलं. पण तिला ते जमलं नाही. मोजा हातात घेऊन ती आतल्या दारात उभी राहिली.

"ताई, पंचवीस आलेत."

ताई बॅगेवर वाकली होती. तिने वर पाहिलं नाही. एक स्वेटर घडी करून ठेवला, त्याच्यावरून हात फिरवला, मग पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी केली.

"येऊ देत," ती म्हणाली. "येतील काही दिवस. त्यासाठी तू थांबायचं नाहीस."